तारवाल्याची हजेरी

आमच्या दादांना दुकानात सगळे ‘परतएकदा’ म्हणायचे. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एकोणतीस वर्षं ते काचा घासून फ्रेममध्ये बसवत होते. काच यंत्राखाली धरायची, कोन बघायचा, कागदावर लिहायचा, मग कागद पालथा घालून पुन्हा बघायचा आणि दोन्ही आकडे जुळले तरच स्क्रू पिळायचा. तोवर बाहेर गिऱ्हाईक घड्याळाकडे बघून बघून थकायचं. मालक आत डोकं घालून म्हणायचे, “अहो, चष्माच आहे ना? विमान उडवायचं नाहीये.”

“परत एकदा बघतो,” दादा म्हणायचे.

घरीही तेच. आईने अर्धा किलो कांदे आणि एक साबण आणायला सांगितला की दारात चपला घालता घालता ते म्हणायचे, “अर्धा किलो कांदे, एक साबण.”

“हो. आणि मिळाला तर एक नवरा आणा, कान असलेला.”

त्यांचा डावा कान तोफखान्यात गेला होता आणि उजवा निम्मा. सांगितलेलं सगळं ते परत म्हणून दाखवतात ते ऐकू येत नाही म्हणून, असं आम्ही धरून चाललो होतो. ती तोफेवरची रीत आहे, हुकूम आला की तो जसाच्या तसा परत म्हणायचा आणि मगच हात हलवायचा, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळलं.

तोफखान्याविषयी दादा बोलत नसत. माझ्या लहानपणी ते सैन्यातून परत आले, पेटी माळ्यावर टाकली आणि महिनाभरात चष्म्याच्या दुकानाला लागले. दरवर्षी त्यांच्या तुकडीच्या वर्धापनदिनाचं आमंत्रण यायचं. जाड कागद, वर सोनेरी तोफ. दादा त्याची दोनदा घडी घालायचे आणि काच घासायच्या यंत्राच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारायचे. आई म्हणायची, “लोकांचे नवरे वर्षातून एकदा मित्रांना भेटायला जातात, पिऊन येतात, बायका भांडतात. माझ्या नशिबी तेवढीही मजा नाही.”

यंदा आमंत्रणाबरोबर पत्र आलं. लिहिणारा दादांच्या तोफेचा प्रमुख होता. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याने हाक मारली की शेजारच्या बॅटरीतले, म्हणजे पलीकडच्या तोफांवरचे, लोकसुद्धा ‘आलो’ म्हणायचे. पत्रात चारच ओळी. घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. यंदा तारवाल्याची हजेरी तुला द्यावी लागेल. दुसरं कोणी उरलं नाही.

ते पत्र घेऊन दादांनी मला रविवारी दुकानात बोलावलं. दुकान बंद होतं. मागच्या खोलीत काचेच्या पिठाचा तो ओलसर वास, आणि आम्ही दोघंच.

“गाडीने सोडशील का मला तिथे?” ते म्हणाले. “पण आधी ऐक. मग ठरव.”

त्यांच्या तुकडीत एक रीत होती. वर्धापनदिनाला मैदानात मेलेल्यांची नावं पुकारायची. ज्या तोफेचा माणूस गेला, त्या तोफेच्या उरलेल्यांनी त्याच्या नावाला ‘हजर’ म्हणायचं. ज्यांना तोफ नव्हती, म्हणजे आचारी, ड्रायव्हर, टेलिफोनची तार ओढणारा, त्यांच्यासाठी सगळ्यांत जवळची तोफ ओ द्यायची. तारवाल्यासाठी दादांची तोफ.

“मग त्यात एवढं काय?” मी म्हणाले.

दादांनी एक गोल काच टेबलावर ठेवली आणि तिच्या मधोमध बोट टेकवलं. “वर्तुळाचे सहा हजार चारशे भाग करतात. तोफेच्या दुर्बिणीला तशी चक्ती असते. शंभराशंभराची मोठी, सुट्या भागांची लहान. मी नेम लावायचो. मी आकडा लावायचा, ओरडून सांगायचा, मग प्रमुखाने येऊन स्वतःच्या डोळ्यांनी चक्ती बघायची. मग फायर.”

“हं.”

“पंधराशेवर लावायचा होता. मी मोठी चक्ती सोळाशेवर लावली. एक खूण पुढे. तोंडाने मात्र पंधराशे म्हणालो. भोंग्याने बघायला हवं होतं. पण तीन दिवस कोणी झोपलं नव्हतं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, चक्तीकडे नाही.” त्यांनी काच बोटाने जरा फिरवली. “बॅटरीत मला डोळा म्हणायचे. डोळा चुकत नाही, असं होतं.”

मग त्यांनी चष्म्याची एक दोरी घेतली आणि टेबलावर ताणून धरली. “एका भागाची चूक झाली तर हजार मीटरवर गोळा एक मीटर सरकतो. माझी चूक शंभर भागांची. तोफेपासून सहा हजार मीटर.” दोरीचं टोक त्यांनी बाजूला नेलं. “सहाशे मीटर इकडे. शत्रू आपल्या चौकीच्या पायथ्याशी आला होता. तिथून सहाशे मीटरवर टेकडीची सोंड होती, आपली. तिच्यावरून तार गेली होती.”

“कळलं कधी तुम्हाला?”

“गोळा सुटल्यावर लगेच. चक्ती समोरच होती. मी ती नीट केली आणि गप्प बसलो. दुसरा गोळा बरोबर पडला. चौकीवरून विचारलं, पहिला कुठे गेला? भोंगा म्हणाला, फुसका निघाला असेल.”

टेलिफोनवाला त्यांच्या मागेच खड्ड्यात बसला होता. तारवाला सोंडेवरून त्याच्याशी बोलत होता. तार जोडली, ऐकू येतंय का? आणि हा म्हणत होता, येतंय, येतंय. मग म्हणाला, “तार गेली परत.”

“दादा, शत्रूचेही गोळे पडत असतीलच ना?”

“पडत होते.”

“मग तुमचाच कशावरून?”

“मी मोजत होतो गं,” दादा म्हणाले. “चक्ती बघितल्यापासून मोजत होतो. बावीस सेकंद लागतात. कुठेतरी पडणारच होता ना तो.”

कागदोपत्री तो शत्रूच्या गोळ्याने गेला. एकतीस वर्षं त्याची बायको वर्धापनदिनाला येते, पहिल्या रांगेत बसते आणि भोंगा ‘हजर’ म्हणतो. दादांना ते जमण्यासारखं नव्हतं म्हणून ते गेले नव्हते. आता जायचं होतं, पण आधी तिला खरं सांगायचं होतं. एवढंच, म्हणाले.

आईला हे त्यांनी त्याच रात्री सांगितलं. ती आधी माझ्यावर उखडली, मग त्यांच्यावर. “एकतीस वर्षं माझ्या शेजारी झोपलात आणि सांगितलंत लेकीला? आणि आता त्या बाईला सांगून तिचं काय भलं होणार? स्वतःच्या छातीवरचा धोंडा उचलून तिच्या छातीवर ठेवायचा, होय ना?”

“तिला चुकीचं माहितीये,” दादा म्हणाले.

“मला जन्मभर कितीतरी चुकीचं माहीत होतं. जगलेच ना?”

तरी त्या दिवशी सकाळी आई गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसली. मांडीवर डबा, पाण्याच्या दोन बाटल्या. “मी नसले तर हे तिथेच कोसळतील आणि तू घाबरून मला फोन करशील. त्यापेक्षा मी आलेली बरी.”

मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. एका बाजूला मांडव, चहाची टेबलं, पांढरे अभ्रे घातलेल्या खुर्च्या. मधोमध चौथऱ्यावर जुनी तोफ, इतकी चकचकीत रंगवलेली की खेळण्यातली वाटावी. आणि सगळीकडे म्हातारे, एकमेकांच्या तोंडावर ओरडणारे. तोफखान्यातला एकही माणूस धड ऐकत नाही. “गुडघा कसा आहे?” असं एकाने विचारलं की दुसरा ओरडायचा, “मुलगी? मुलगी मजेत!”

भोंगा म्हणजे कोणी धिप्पाड माणूस असेल असं मला वाटलं होतं. निघाला चिमणीएवढा. दोन्ही कानांत यंत्रं, ती अधूनमधून शिट्टी वाजवायची, आणि गळ्यात मफलर. आवाज म्हणजे नुसती फुसफुस. पण दादांना बघून त्याने हात पसरले. “डोळ्या! मेला नाहीस होय?”

“तुझ्या आधी कसा मरेन? वयाचा मान असतो,” दादा म्हणाले. दोघं हसले. आई माझ्या कानात म्हणाली, “बघ, हसता येतं त्यांना. मला आज कळतंय.”

तारवाल्याची बायको पहिल्या रांगेतच होती. छप्पन्न-सत्तावन्नची, ताठ बसलेली, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. भोंग्याने ओळख करून द्यायच्या आतच ती उठली.

“तुम्ही डोळाभाऊजी ना? ते लिहायचे तुमच्याबद्दल पत्रात. डोळा झोपेतसुद्धा जागा असतो म्हणून.”

दादांचा चेहरा मी बघितला आणि दुसरीकडे बघितलं.

“वहिनी, मला तुमच्याशी...” दादांनी सुरुवात केली, पण भोंग्याने त्यांचा दंड धरला आणि मांडवाच्या मागे ओढून नेलं. मी मागोमाग गेले. म्हाताऱ्या माणसांना ढकलाढकली करताना बघून मला धीर धरवेना.

“काही बोलायचं नाही,” भोंगा फुसफुसला.

“तुला माहितीये मी काय बोलणार ते?”

“मी चक्ती बघितली नव्हती एवढं मला माहितीये. तू काय लावलं होतंस ते मी कधी विचारलं नाही. का नाही विचारलं? विचारलं असतं तर कळलं असतं.” त्याला दम लागला. कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं, ते त्याने थापट मारून गप्प केलं. “तू काचा घासत घरी बसलास. मी दरवर्षी तिच्या समोर उभा राहून हजर म्हटलंय. एकतीस वेळा. आज एकदा तू म्हण आणि जेवून घरी जा.”

“मला नाही जमणार.”

“मग नको म्हणूस. पण सांगायचं नाही. ती सुखात आहे.”

“तुला काय माहीत?”

“दरवर्षी येते, चहा पिते, जाते,” भोंगा म्हणाला. “आणखी काय असतं?”

तेवढ्यात बिगूल वाजला. म्हातारे आपापल्या तोफेप्रमाणे उभे राहिले. कुठे चौघं, कुठे दोघं, एका ठिकाणी एकच. दादा चौथऱ्यावरच्या तोफेच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले, दुर्बिणीच्या शेजारी. ती जागा त्यांना कोणी दाखवली नव्हती. पाय आपोआप गेले. भोंगा त्यांच्या मागे.

एक तरुण अधिकारी नावं वाचू लागला. नाव, मग कुठून तरी जाड, चिरका ‘हजर’. नाव, ‘हजर’. उन्हात ते शब्द गरगरत खाली पडल्यासारखे वाटत होते. आईने माझा हात धरला होता, नखं रुतेपर्यंत.

तारवाल्याचं नाव आलं.

दादांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. लाउडस्पीकर घुमत राहिला. अधिकाऱ्याने कागदावर बोट ठेवून नाव पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने, म्हाताऱ्यांना ऐकू गेलं नसेल असं समजून. भोंगा पुढे झाला, त्याने मफलर खाली ओढला, मान ताणली. नुसती हवा बाहेर आली. मला दिसत होतं, दादांची बोटं दुर्बिणीकडे वळत होती आणि परत येत होती.

“हजर,” पहिल्या रांगेतून बाईचा आवाज आला. मोठा नाही, पण स्वच्छ. ती पर्स धरून उभी राहिली होती. म्हटलं आणि बसली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा गहिवरला, असं सगळ्यांना वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर ती स्वतःच आमच्याकडे आली. हातात चहाचा कप, बशीत बिस्किटं. “आवाज नाही फुटला ना? होतं असं. पहिल्या वर्षी मला खुर्चीतून उठता आलं नव्हतं.” दादांना धीर देत होती ती. “चहा घ्या.”

“वहिनी, पाच मिनिटं आमच्या गाडीत बसाल? मला ऐकू कमी येतं. मी बोलतो ते सगळ्यांना ऐकू जातं.”

तिने आईकडे बघितलं. आई खाली बघत म्हणाली, “बसा. त्यांना सांगू द्या.”

गाडी उन्हात तापली होती. मी काचा वर केल्या. आई पुढे, मी स्टिअरिंगवर हात ठेवून, मागे ती दोघं. दादांनी दुकानात मला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, त्याच क्रमाने, कुठेही मऊ न करता. आवाज कमी करायचा प्रयत्न करत होते आणि तो वाढत होता. सोळाशे. पंधराशे. सहाशे मीटर. बावीस सेकंद. आरशात मला तिचं बिस्किट दिसत होतं. तिने ते अर्धं खाल्लं होतं आणि उरलेलं बोटांत तसंच धरलं होतं.

दादा थांबले.

“म्हणजे ते फोनवर बोलत होते?” ती म्हणाली.

“हो.”

“मला सांगितलं होतं की काही बोलले नाहीत. झटकन गेले, काही बोलले नाहीत.” बिस्किटाचा चुरा तिच्या मांडीवर पडला. “काय म्हणाले?”

“तार जोडली. ऐकू येतंय का.”

“आणि इकडच्या टेलिफोनवाल्याने सांगितलं, येतंय म्हणून?”

“हो. दोनदा.”

ती दार उघडून बाहेर गेली. गाडीला पाठ करून उभी राहिली. मैदानात फोटो काढणं चाललं होतं, भोंग्याला मध्ये बसवून. आई हळूच म्हणाली, “झालं तुमचं समाधान?” दादा तिच्या पाठीकडे बघत होते. ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल.

ती परत आली तेव्हा डोळे कोरडे होते आणि आवाज बदलला होता. “इतकी वर्षं तुम्ही लोकांनी मला चहा पाजलात.”

“मी नव्हतो वहिनी. मी आलो नाही कधी.”

“ते काय जास्त चांगलं?” ती आत बसली आणि दार ओढून घेतलं. “चला.”

“कुठे?”

“माझ्या घरी. माझा मुलगा आहे. ते गेले तेव्हा मला सातवा महिना होता. त्याला सगळं माझ्याकडून माहीत आहे आणि माझं सगळं चुकीचं आहे. हे मी एकटी घरी नेणार नाही. तुमच्या तोंडून त्याला कळलं पाहिजे.”

“अहो, पण आज?” आई म्हणाली. “आम्हाला संध्याकाळच्या आत परत...”

“आजच. उद्यापर्यंत मला वाटेल, जाऊ दे.”

तिचं घर आमच्या घराच्या उलट दिशेला होतं, दोन तासांवर. मी गाडी वळवली. वाटेत ती विचारत होती आणि दादा सांगत होते. त्या दिवशी सकाळी काही खाल्लं होतं का त्यांनी? भाकरी आणि गूळ, उभ्यानेच. पायात काय होतं? बूट, एकाची नाडी म्हणून टेलिफोनची तार बांधली होती. हसायचे का? हो, फार, स्वतःच्याच विनोदाला. सापडले तेव्हा कसे होते? ते मी बघितलं नाही वहिनी, मला जायला धीर झाला नाही. ती प्रत्येक उत्तरानंतर मान हलवायची आणि पुढचं विचारायची. मी आरशात पुन्हा पुन्हा बघत होते. आमच्या गाडीत पाचवं माणूस बसल्यासारखी मागची सीट भरून गेली होती.

“तेव्हाच का नाही बोललात?” तिने विचारलं, गाव मागे पडल्यावर.

“भीती वाटली.”

“शिक्षेची?”

“नाही.” दादा खिडकीबाहेर बघत होते. “सगळे मला डोळा म्हणायचे. उद्यापासून म्हणणार नाहीत, अशी.”

“एवढ्यासाठी?”

“हो. एवढ्यासाठीच.”

आईने डबा उघडला, बंद केला, परत उघडला आणि वळून तिच्यापुढे धरला. तिने घेतलं नाही. पण नको असंही म्हणाली नाही. डबा तसाच दोन सीटच्या मध्ये धरून आई कितीतरी मैल मागे वळून बसली होती.

घर दुसऱ्या मजल्यावर. दादा जिन्यावर दोनदा थांबले. दुसऱ्यांदा मला वाटलं की आता ते वळतील, आणि त्यांनी वळावं असं मला वाटलं, हे मी लपवत नाही. ते दम खाऊन वर गेले.

मुलाने दार उघडलं. उंच, बारीक, हातात फडकं. काहीतरी धूत होता. “आई? एवढ्या लवकर?”

“हे तुझ्या बाबांबरोबर होते,” ती म्हणाली. “त्याच तुकडीत.”

त्याचा चेहरा उजळला. दुसरा शब्दच नाही त्याला. फडकं खांद्यावर टाकून त्याने दादांचे दोन्ही हात धरले, “या काका, या ना, या,” करत आत नेलं, खिडकीजवळची चांगली खुर्ची ओढली, तिच्यावरचे कपडे दुसरीकडे फेकले, पंखा लावला. आतल्या खोलीकडे बघून ओरडला, “अगं, बाहेर ये! बाबांच्या तोफखान्यातले काका आलेत!” मग स्वतःच पाण्याचा पेला घेऊन आला आणि दादांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला. भिंतीवर त्याच्या बाबांचा फोटो होता. त्यातला माणूस या मुलापेक्षा बराच लहान होता.

“आई तिकडून आली की दरवर्षी मी विचारतो, बाबांना ओळखणारं कोणी भेटलं का? दरवर्षी म्हणते, सगळे बहिरे झालेत.” तो हसला. “सांगा ना काका. काहीही सांगा. कुठूनही.”

दादांनी पेला हातात घेतला होता, प्यायले नव्हते. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती बसली नव्हती. दाराला पाठ लावून उभी होती, मुलाच्या चेहऱ्याकडे बघत. आई माझ्या शेजारी.

“मी नेम लावायचो,” दादा म्हणाले.

“हो का?” मुलगा आणखी पुढे सरकला.

“त्या दिवशी मी नेम चुकीचा लावला.”

त्यांना वाटलं तेवढं ते हळू बोलले नव्हते. पण पंख्याचा आवाज होता, आतून त्याची बायको काहीतरी विचारत होती, आणि मुलाने बहुधा एवढंच ऐकलं की गोष्ट सुरू झाली आहे. तो मान हलवत होता. तो अजून हसत होता.